आमच्या दारातला डेलिया

फुलझाडे लावायची म्हटली की आपल्या वस्तीतली माणसे झेंडू, सदाफुली, जास्वंद आणि फार तर गुलाब इथपर्यंत येऊन थांबतात. डेलियाचे नाव काढले की "ते आपलं काम नाही, ते बंगलेवाल्याचं" असे उत्तर ठरलेले. कामरगावात आमच्या घरापुढे बारा फूट लांब आणि सात फूट रुंद एवढीच मोकळी जागा आहे. तिथे सायकल उभी राहते, धुणे वाळते, आणि गेली नऊ वर्षे त्याच जागेत डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत डेलिया फुलतो. येणारे-जाणारे थांबतात, विचारपूस करतात, कंद मागतात. प्रत्येकाला तीच हकीकत सांगावी लागते. म्हणून ती एकदा लिहून काढावी असे वाटले.

आम्ही म्हणजे घरातली पाचही माणसे. माय, आम्ही नवराबायको आणि दोन लेकरे. यात एकट्याचे असे काहीच नाही.

ज्यांनी डेलिया पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन. कमरेइतके उंच झाड, दांडे आतून पोकळ, आणि टोकाला बशीएवढे, कधी ताटलीएवढे फूल. पाकळ्यांवर पाकळ्या अशा रचलेल्या की मोजणारा थकावा. निळा सोडला तर बहुतेक सगळे रंग यात सापडतात. सुवास मात्र नाही म्हटला तरी चालेल. झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि आपल्या शेतातली करडई हे याचे सख्खे भाऊबंद. या कुळातले एक फूल म्हणजे खरे तर शेकडो बारीक फुलांचा मेळावा असतो. करडईचे बोंड फोडून पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. जमिनीखाली याला रताळ्यासारख्या कंदांचा झुपका धरतो.

हे झाड मूळचे मेक्सिकोतले. तिथले जुने रहिवासी याचे कंद खात आणि पोकळ दांड्यांवरून त्याला पाण्याच्या नळीवरचे नाव होते. पुढे स्पेनने तो मुलूख जिंकला. १७८९ मध्ये मेक्सिकोहून बी माद्रिदच्या बागेत गेले, आणि १७९१ मध्ये तिथल्या कावानियेस नावाच्या शास्त्रज्ञाने आंद्रेस डाल या स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ त्याचे नाव ठेवले. तेव्हा डाल हयातही नव्हता. ज्यांनी पिढ्यानपिढ्या हे झाड जपले त्यांचे नाव पुसले आणि ज्याने कधी लावले नाही त्याचे चिकटले. अशा गोष्टी आपल्या लोकांना नवीन नाहीत, म्हणून यावर जास्त लिहीत नाही. १९६३ साली मेक्सिकोने डेलियाला आपले राष्ट्रीय फूल म्हणून जाहीर केले, एवढे मात्र नमूद करावेसे वाटते.

युरोपात प्रथम तो बटाट्यासारखा खाता येईल का हे पाहिले गेले, पण चव काही जमली नाही. आमच्या मायनेही पहिला प्रश्न हाच केला होता, "ह्याले खाता येते का?" नाही म्हटल्यावर तिने कंदांकडे पुन्हा पाहिले नाही.

ते कंद आम्हाला कचेरीतल्या एका सहकाऱ्याने बदलीवर जाताना दिले. तीन गड्डे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. त्याआधी आम्ही जिल्ह्यातल्या एका रोपवाटिकेतून पैसे देऊन पाच कंद आणले होते. त्यातला एकही उगवला नाही. कारण पुढे कळले. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाच्या कंदाला ते नसतात. त्याचा डोळा असतो फक्त मानेजवळ, जिथे कंद जुन्या दांड्याला चिकटलेला असतो तिथे. दांड्याचा तेवढा तुकडा सोबत नसेल तर कंद कितीही गुबगुबीत असो, तो जमिनीत पडून राहतो आणि शेवटी सडतो. आम्हाला विकलेले पाचही कंद मानेखाली तोडलेले होते. विकत घेणाऱ्याने आधी मान पाहावी.

आता अडचण आली ती पाण्याची. झाड वाढीला लागले की डेलिया तहानलेला असतो. पोकळ दांडा आणि रुंद पाने, दुपारच्या उन्हात लगेच माना टाकतो. पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात घरची बाई बादलीने पाणी घालत होती. माय ओसरीवरून उठली आणि तिने सुनेच्या हातातली बादली काढून घेतली. "काहून वो, पाणी फुकटचं आलं का? मातीत ओतून राहिली!" असे म्हणून ती बादली घेऊन घरात गेली आणि त्या दिवशी कोणाशी बोलली नाही.

आम्हाला राग आला होता. नळ दारात आहे, पाणीपट्टी आपण भरतो, मग चार झाडांना दोन बादल्या दिल्या तर बिघडले काय, असे आमचे म्हणणे. ते आम्ही मायला ऐकवलेही. रात्री जेवणे झाल्यावर तिने आपणहून सांगितले. लहानपणी माहेरच्या गावी ती विहिरीजवळ घागर घेऊन उभी राही. दोराला हात लावायचा नाही, पायरीवर चढायचे नाही. कोणाला दया आली तर वरून धार सोडायचा, घागरीला पोहऱ्याचा स्पर्श होऊ न देता. अर्धे पाणी खाली सांडे. सकाळी गेलेली पोर कधी दुपारी परत येई. "सांडलेलं पाणी मी पाहत राहो," ती म्हणाली. "तवापासून मले जमिनीवर पाणी पडलेलं पाहवत नाही."

महाडचे चवदार तळे १९२७ सालचे. मायचे हे दिवस त्याच्या किती तरी वर्षांनंतरचे. हे आम्ही सभांमधून पुष्कळदा बोललो होतो, लेकरांनाही सांगितले होते. पण आपल्याच ओसरीवर बसलेल्या बाईच्या डोळ्यांपुढे ते पाणी अजून सांडते आहे, हे त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हते.

डेलिया काढून टाकावा असे आम्ही ठरवत होतो. ते तिनेच होऊ दिले नाही. लावलेले झाड मारायचे नाही, असे तिचे म्हणणे. वाट तिनेच काढली. मोरीजवळ एक जुने टोपले ठेवले आणि नियम घातला की नळाचे कोरे पाणी झाडाला जाणार नाही. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले, कपड्यांच्या शेवटच्या खळबळीचे पाणी त्या टोपल्यात जमा करायचे. साबणाच्या आणि सोड्याच्या पहिल्या पाण्याला बंदी. बुडाशी सोयाबीनचे कुटार चार बोटे जाड पसरायचे, म्हणजे ओल उडत नाही. पाच माणसांच्या घरात एवढे पाणी रोज निघते की आठ-दहा डब्यांना दिवसाआड पुरून उरते. पाण्याचा कारभार तेव्हापासून मायकडे आहे. आम्ही बी.कॉम. झालो, कचेरीत हिशेबाचे काम करतो, पण तिच्या टोपल्याच्या हिशेबात आजवर चूक काढता आलेली नाही.

आणखी एक गोष्ट डेलियाच्या बाजूची आहे. नळाला खरी ओढ लागते ती उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात डेलिया झोपलेला असतो. त्याला तेव्हा थेंबभर पाणी लागत नाही. थंड हवेच्या डोंगरी भागात तो मार्च-एप्रिलमध्ये लावतात, आपल्या सपाट मुलखात मात्र तो हिवाळ्याचे फूल आहे.

मातीचे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे डेलिया बिघडतो तो इथेच. वऱ्हाडची काळी माती कपाशीला, तुरीला उत्तम, पण ती पाणी धरून बसते, आणि पाण्यात बसलेला कंद आठ दिवसांत कुजतो. म्हणून आम्ही जमिनीत लावतच नाही. तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे घेतो, बुडाला खिळ्याने सात-आठ भोके पाडतो, त्यावर फुटक्या कवेलूचे तुकडे अंथरतो. एक घमेले काळी माती, एक घमेले रेती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत, वरून दोन मुठी चुलीची राख. ताजे शेण घालू नये. युरिया तर नकोच. पाने हिरवीगार होतात, दांडा पोसतो आणि फुलाच्या ओझ्याने मोडतो.

पोळ्याच्या सुमारास कंद बाहेर काढून ओलसर रेतीत निजवून ठेवायचे. कोंब दिसला की डब्यात चार बोटे खोल, डोळा वर करून आडवा ठेवायचा. पाऊस अजून चालू असतो, म्हणून डबे पत्र्याखाली. कोंब मातीबाहेर येईपर्यंत पाणी अगदी बेताने. काठी त्याच वेळी रोवून घ्यावी, नंतर रोवली तर ती कंदातून जाते. काठीसाठी विकत काही आणायला नको, तुराटी किंवा पऱ्हाटीचा सरळ दांडा पुरतो, आणि बांधायला जुन्या लुगड्याची चिंधी सुतळीपेक्षा बरी, दांडा कापत नाही. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. खुडताना जीवावर येते, पण त्याशिवाय फांद्या फुटत नाहीत.

जास्त झाडे हवी असतील तर कोंब तीन-चार इंचांचा झाल्यावर पेराखाली कापून ओल्या रेतीत सावलीला लावावा. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या फुटतात. कंदापासून किंवा कलमापासून केलेले झाड हुबेहूब मूळ झाडासारखेच फूल देते. बियांचे तसे नाही. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियाच्या पेशीत आठ. त्यामुळे एकाच बोंडातल्या दहा बिया पेरल्या तर दहा रंगांची, दहा आकारांची फुले येऊ शकतात. कुळाच्या शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा डेलियाचे बी पेरून पाहावे!

कळ्या येतात त्या बहुधा तिनाच्या जोडीने. मधली एक आणि बाजूच्या दोन. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनसारख्या ठिकाणी जानेवारीत पुष्पप्रदर्शने भरतात. तिथे बक्षीस घ्यायचे असेल तर बाजूच्या दोन कळ्या बारीक असतानाच खुडतात, म्हणजे मधले फूल ताटलीएवढे होते. आम्ही पहिल्या वर्षी एका झाडावर ते करून पाहिले. फूल भव्य आले खरे. पण आम्हाला प्रदर्शनात जायचे नाही, आणि एका फुलासाठी दोन कळ्या खुडणे घरातल्या लेकरांना पसंत पडले नाही. तेव्हापासून तिन्ही ठेवतो. फुले बशीएवढीच येतात, पण पुष्कळ येतात.

मावा, फुलकिडे आणि लाल कोळी हे याचे नेहमीचे शत्रू. पानांवर भुरीही येते, ती डबे दाटीने ठेवल्यामुळे. औषध म्हणून आम्ही निंबोळी अर्काखेरीज काही वापरत नाही. पन्नास ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर करायचे, थोडा साबण मिसळून पानांच्या खालच्या अंगाला फवारायचे. कपाशीवरचे उरलेले औषध "थोडंसं मारून पाहा" असा सल्ला देणारे गावात भेटतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांत बहुसंख्य दुसऱ्याच्या शेतात रोजीने फवारणारे गरीब होते की नव्हते याचा वाचकांनीच विचार करावा. ते विष लेकरे खेळतात त्या अंगणात आणायचे नाही, फुले गेली तरी चालतील.

असो. पहिल्या वर्षी पहिले फूल उमलले ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गडद जांभळे. आम्ही मायला हात धरून अंगणात आणले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे फूल मी पाह्यलं हाय."

आमचे वडील रोजंदारीवर माळीकाम करत. तालुक्याच्या गावी एका साहेबाच्या बंगल्यावर बारा वर्षे त्यांनी झाडांना पाणी घातले. त्या बंगल्यात डेलियाचे वाफे होते, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. वडिलांनी आमच्याजवळ कधी त्याचा उल्लेख केला नाही. मायने सांगितले, "तुह्या बाबानं एकडाव हे फूल दुपट्ट्यात बांधून आणलं होतं. तोडलं नव्हतं, वाऱ्यानं मोडून खाली पडलं होतं. मले दाखवाले आणलं. मी म्हटलं, सकाळी वापस नेऊन तिथंच टाका, कोणं पाह्यलं तं रोजी जाईन." वडिलांनी दुसऱ्या दिवशी ते सुकलेले फूल नेऊन वाफ्यात टाकले. आम्ही लहान होतो, झोपलेले असू. वडील आम्ही नोकरीला लागण्याआधीच गेले.

थेरगाथेत सुनीत थेरांचे कथन आहे. हीन मानलेल्या कुळात जन्म, पोटाला पुरेसे अन्न नाही, आणि काम काय तर वाळलेली फुले काढून टाकण्याचे. बुद्धांनी त्यांना संघात घेतले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही सुनीताची दीक्षा सांगितली आहे. विहारात आम्ही ही कथा कितीदा तरी सांगितली असेल. मायचे ऐकल्यापासून ती सांगताना दर वेळी दुपट्टा डोळ्यांसमोर येतो आणि दोन वाक्ये राहून जातात.

त्या वर्षीची पहिली पाच फुले मायनेच कापली, ६ डिसेंबरच्या सकाळी, आणि स्वतः विहारात नेऊन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवली. तेव्हापासून लागवड आम्ही त्या तारखेवर नजर ठेवून करतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंद डब्यात गेला तर बहुधा साधते. थंडी लवकर पडली तर दोन-चार दिवस मागे-पुढे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला तर झाडे भरात असतात. शाळेतल्या मुली आदल्या दिवशीच येऊन आपापली फुले नक्की करून जातात. जोतिरावांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, फुलांच्या व्यवसायामुळे ते फुले झाले, ही गोष्ट त्यांना या अंगणातच आम्ही सांगतो.

फूल कापायचे ते सकाळी उन्हाआधी, आणि पूर्ण उमललेलेच. याची कळी पाण्यात ठेवून उमलत नाही. खालची पाने काढून लगेच पाण्यात ठेवले तर तीन-चार दिवस टिकते. पाकळ्या मागून सुकायला लागतात, म्हणून आधी मागची बाजू पाहावी.

फेब्रुवारी सरता सरता पाने पिवळी पडतात. मग पाणी तोडायचे. दांडा वीतभर ठेवून कापायचा, आठ दिवस थांबायचे आणि डबा उलटा करून गड्डा अलगद मोकळा करायचा. मान मोडली की संपले, हे लेकरांना पाठ झाले आहे. दोन दिवस सावलीत वाळवून कोरड्या रेतीत, टोपलीत, खाटेखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, पत्र्याखाली ठेवलेले कंद भाजून निघतात. महिन्यातून एकदा हात घालून पाहायचे. मऊ लागला तर फेकायचा, सुरकुतला असेल तर रेतीवर पाण्याचा शिपका मारायचा.

याद्यांमधून डेलियाची नावे वाचायला मजा येते. भारतातल्या वाणांत 'लॉर्ड बुद्धा' आहे, 'भिक्खूज मदर' आहे. आमच्याकडचे कंद नावाशिवाय आले, म्हणून आम्हीच नावे ठेवली. एक पांढरा, एक केशरी आणि तो गडद जांभळा, त्याला घरात सगळे 'बाबांचा' म्हणतात.

एका गड्ड्यातून डोळा सांभाळून कापले तर दोन, कधी चार झाडे होतात. तीन गड्ड्यांचे दुसऱ्या वर्षी सात झाले. पुढे आम्ही वाटायला लागलो. कोणाला द्यायचे ते माय ठरवते आणि तिची कसोटी कडक आहे. आधी त्यांची मोरी पाहून येते. धुण्याचे पाणी कुठे जाते ते विचारते. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत अकरा दारांपुढे डेलिया होता. त्यांपैकी एका घरी कंद उन्हाळ्यात सडले, तर शेजारणीने आपल्यातले दोन दिले. आमच्याकडे परत यायची गरज पडली नाही.

यंदा टोपलीत एकोणीस गड्डे आहेत. पोळ्याआधी एका रविवारी उघडू. ज्यांना हवे असतील त्यांनी तेलाचा रिकामा डबा आणि घमेलेभर रेती घेऊन यावे. शेणखत आमच्याकडे आहे.